पांढऱ्या पेशी नॉर्मल, मग सारखी गळवं का होतात?

मार्च संपत आला की आमच्या लॅबच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो, शब्द थोडे इकडचे तिकडे पण प्रश्न हाच. मॅडम, सीबीसी केला, पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या, मग एवढी गळवं कशाला होतायत? मांडीला झालं ते बसलं, मग काखेत आलं, मग कमरेला पट्टा लागतो तिथे, आता मानेवर ठसठसतंय. घरचे म्हणतात रक्त खराब झालंय, शेजारी म्हणतात उष्णता आहे, आंबे बंद करा, कुणी सांगतं कडुनिंबाचा रस घ्या, आणि हातात जो रिपोर्ट आहे तो म्हणतो सगळं ठीक. माणूस गोंधळणारच ना.

मी लॅब टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे औषध कुठलं घ्यायचं हे मी सांगणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण पांढऱ्या पेशी हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी त्याच बघते, आणि त्यांच्याबद्दल लोकांच्या डोक्यात जे बसलंय ना की आकडा बरोबर म्हणजे पेशी बरोबर, ते मला मनापासून खटकतं. म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

सीबीसीचं मशीन पेशी मोजतं. एका मायक्रोलिटर रक्तात पांढऱ्या पेशी किती, साधारण 4,000 ते 11,000 असल्या की आपण नॉर्मल म्हणतो, आणि त्यात कुठल्या जातीच्या किती टक्के. मोठ्या माणसात त्यातल्या 40 ते 70 टक्के न्यूट्रोफिल असतात आणि गळवाच्या बाबतीत खरी लढाई लढतात त्या याच. आता मशीन एवढंच सांगतं की त्या आहेत. त्या जंतूपर्यंत पोचतात का, पोचल्यावर त्याला धरतात का, धरल्यावर मारतात का, हे तीन प्रश्न मशीनला विचारलेलेच नसतात, त्यामुळे त्यांचं उत्तर रिपोर्टमध्ये येणार कुठून.

आम्ही शंका आली की स्लाइडही बघतो. काचेवर रक्ताचा थेंब, दुसऱ्या काचेने ओढायचा, वाळला की लेशमन स्टेन नावाचा रंग ओतायचा, मग बफर, मग नळाखाली हलकं धुऊन सुकवून तेलाच्या लेन्सखाली. न्यूट्रोफिल लगेच ओळखू येते, जांभळं केंद्रक दोन ते पाच तुकड्यांत, तुकडे बारीक धाग्याने एकमेकांना जोडलेले, बाजूला फिकट गुलाबी, त्यात बारीक बारीक कण. अंगात पू झालेला असला की त्याच पेशी वेगळ्या दिसायला लागतात, कण गडद होतात, केंद्रकाचे तुकडे न पडलेल्या कच्च्या पेशी दिसतात कारण हाडांच्या मगजातून घाईघाईत सोडलेल्या असतात. हे सगळं मी रिपोर्टवर लिहिते आणि डॉक्टरांना त्याचा उपयोगही होतो. पण स्लाइडवरची पेशी मेलेली आणि रंगवलेली असते, ती काम कसं करत होती हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

मग ती काम करते तरी कसं? मला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो म्हणून जरा रेंगाळते. न्यूट्रोफिल मगजात तयार होतात, दिवसाला 100 अब्जाच्या आसपास, आणि रक्तात जेमतेम काही तास, फार तर थोडे दिवस फिरतात. केसाच्या मुळाशी जंतू शिरला की तिथल्या पेशी रसायनं सोडतात, त्याने आसपासच्या रक्तवाहिन्यांचा आतला पृष्ठभाग चिकट होतो, वाहत जाणारी न्यूट्रोफिल तिथे घरंगळते, चिकटते, आणि भिंतीतल्या दोन पेशींच्या फटीतून स्वतःला पिळून बाहेर काढते. मग त्या रसायनांचा माग काढत जंतूकडे सरकत जाते. जंतूवर आधीच प्रतिपिंडं आणि रक्तातली काही प्रथिनं चिकटलेली असतात, ती असली की पेशीला पकड मिळते, ती त्याला चहूबाजूंनी वेढून आत घेते. आणि आत घेतल्यावर पेशी एकदम भरपूर ऑक्सिजन खेचते, त्याचं सुपरऑक्साइड करते, त्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि त्यापासून हायपोक्लोरस अॅसिड. गावाकडे विहिरीत टीसीएल पावडर टाकतात ना, पाण्यात गेल्यावर ती जंतू मारते ते याच हायपोक्लोरस अॅसिडमुळे. तुमच्या आमच्या अंगातली पेशी ते स्वतः बनवते! हे बनवायला जे एन्झाइम लागतं त्याचा रंग हिरवट आहे, पू हिरवट पिवळा दिसतो तो त्यामुळेही. आणि एवढं करून ती पेशी मरते. गळवातून जो पू निघतो तो म्हणजे बहुतेक करून या मेलेल्या न्यूट्रोफिल, सोबत जंतू आणि आजूबाजूचा कुजलेला भाग. लोक पू बघून म्हणतात घाण रक्त निघालं. घाण रक्त नाही हो, तुमच्यासाठी लढून मेलेल्या पेशी आहेत त्या.

पेशी जंतूला गिळते हे पहिल्यांदा नीट ओळखलं मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने, 1882 साली, इटलीतल्या मेसिनाला. तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात त्यांनी काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी बघितलं तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या. पुढे 1908 साली त्यांना पॉल एर्लिक यांच्यासोबत नोबेल मिळालं. आपल्याला काटा रुतल्यावर दुसऱ्या दिवशी तिथे पू धरतो हे प्रत्येकाने पाहिलेलं असतं, पण त्या पाहण्यातून एवढं मोठं काढणारा माणूस एखादाच.

आता मूळ प्रश्न. सारखी गळवं येणाऱ्या माणसाच्या पेशी कामात कमी पडतात का? उत्तर असं आहे की बहुतेकांच्या नाही पडत, काहींच्या पडतात पण त्याला दुसरंच काहीतरी कारण असतं, आणि अगदी थोड्यांच्या जन्मापासूनच पडतात. ही तिन्ही माणसं आमच्या काउंटरवर एकसारखीच दिसतात, तिघांचाही सीबीसी ठीकठाक असू शकतो, आणि घोळ नेमका इथे होतो.

दुसऱ्या प्रकाराचं आधी सांगते कारण तो मला वरचेवर दिसतो. पिंपळगावकडचे एक द्राक्षबागायतदार काका आले होते, मानेच्या मागे काळपुळी. साधं गळू एका केसाच्या मुळाशी असतं, काळपुळीत शेजारशेजारची बरीच मुळं आतून एक झालेली असतात, वर चार पाच तोंडं, आणि ठणका असा की माणूस मान वळवत नाही, अख्खा वळतो. डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला आणि थोडा कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू उगवून ओळखायला, आमच्याकडे पाठवला. मी आधी ग्रॅम स्टेन केला, म्हणजे जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितले. पू पेशींचे थरच्या थर आणि त्यांच्या मध्ये, काही पेशींच्या पोटातसुद्धा, गडद जांभळे गोल जंतू घोळक्याने. काका बाहेरच बसले होते, ते म्हणाले ताई मला दाखवता का काय आहे ते. दाखवलं. बराच वेळ एक डोळा मिटून बघत होते आणि म्हणाले, "हा तर घड आहे की ताई! मणी गच्च बसलेत, थिनिंग केलेली नाही." थिनिंग म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढून टाकणं.

जवळपास दीडशे वर्षांपूर्वी स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या अलेक्झांडर ऑगस्टन नावाच्या सर्जनलाही तेच दिसलं होतं, त्यांनी गळवांमधला पू तपासून 1880 च्या सुमारास हे जंतू दाखवले आणि 1882 मध्ये त्यांना स्टॅफिलोकोकस म्हटलं, द्राक्षाच्या घडावरून. दोन वर्षांनी रोझेनबाख या जर्मन डॉक्टरांनी त्यातला सोनेरी वसाहती करणारा प्रकार वेगळा केला, तो ऑरियस. आपली बहुतेक गळवं याच्यामुळे होतात, आणि जंतू उगवायच्या ब्लड अगारच्या प्लेटवर दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच पिवळसर सोनेरी ठिपके आलेले दिसतात.

तर काकांची शुगर. त्यांना माहीतच नव्हतं. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी टेस्ट, केली, ती चांगलीच वाढलेली निघाली, साडेसहाच्या पुढे गेली की डायबिटीस धरतात, ही त्याच्या कितीतरी पुढे होती. साखर अशी सतत वाढलेली असली की न्यूट्रोफिलची संख्या कमी होत नाही, काम ढिलं पडतं. त्या जंतूकडे उशिरा पोचतात, कमी गिळतात, आणि ती सुपरऑक्साइड बनवायची ताकद मंदावते. सीबीसीत संख्या उलट वाढलेली, तेरा चौदा हजार. म्हणजे पाहणाऱ्याला वाटावं केवढी फौज आहे, आणि पुळी तर वाढतेच आहे. काकांची शुगर आटोक्यात आल्यावर जखमही भरली आणि नवीन काही उठलं नाही, हे त्यांनी नंतर स्वतः येऊन सांगितलं, सोबत एक क्रेट द्राक्षं.

म्हणून माझं ठाम मत आहे, चाळिशीच्या आसपासच्या कुणालाही पाठोपाठ गळवं येत असतील तर रक्तशुद्धीच्या बाटलीच्या आधी शुगर तपासा. तपासणी स्वस्त आहे आणि कधीकधी त्या एका गळवामुळे डायबिटीस वेळेत सापडतो.

संख्या आणि काम यांची फारकत अजून एका ठिकाणी दिसते, स्टिरॉइडमध्ये. सांधेदुखीसाठी, दम्यासाठी, कधी कुठल्या तरी पुडीतून नकळत, माणूस स्टिरॉइड घेत असतो. त्याने रक्तवाहिनीच्या भिंतीला टेकून असलेल्या न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात, मोजणीत आकडा वाढतो, पण त्याच कारणाने त्या भिंतीला चिकटून बाहेर जायला कमी पडतात. आकडा वर आणि संरक्षण खाली. त्यामुळे लॅबमध्ये आल्यावर औषधं विचारली तर कंटाळू नका, सगळी सांगा, पुडीचंही सांगा. त्या विचारण्यामागे कारण असतं.

आता पहिला प्रकार, म्हणजे ज्यांच्या पेशी उत्तम आहेत तरी गळवं येतात, आणि खरं तर बहुतेक जण यातच मोडतात. इथे दोष पेशीकडे नाही, जंतू तयारीचा आहे. स्टॅफ ऑरियस हा फार हुशार जंतू आहे, हे मी कौतुकाने नाही, धास्तीने म्हणते. तो रक्तातलं प्रथिन गोठवून स्वतःभोवती आडोसा करतो. आम्ही त्याची ओळख याच गुणावरून पटवतो, नळीत प्लाझ्मा घेऊन त्यात जंतू सोडायचा आणि काही तासांत प्लाझ्मा जेलीसारखा घट्ट झाला की समजायचं ऑरियस. तो प्रतिपिंडाला उलट्या बाजूने धरून ठेवतो म्हणजे न्यूट्रोफिलला पकडच मिळत नाही. तो जो सोनेरी रंग आहे तोही शोभेचा नाही, तो रंग पेशीने सोडलेल्या ऑक्सिजनच्या माऱ्यापासून जंतूला वाचवतो. काही जातींकडे तर पांढऱ्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडणारं विष असतं, 1932 साली पॅंटन आणि व्हॅलेंटाइन या दोघांनी ते गळवांशी जोडून दाखवलं, आजही त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. आणि इतकं करून पेशीने गिळलाच तरी काही जंतू आत जिवंत राहतात. अशा जंतूपुढे धडधाकट माणसाच्या पेशीही सुरुवातीला मागे हटतात, त्यात रक्त खराब असण्याचा काही संबंध नाही.

आणि हा राहतो कुठे? नाकात. साधारण 20 ते 30 टक्के निरोगी लोकांच्या नाकात तो कायमचा मुक्काम करून असतो, काही त्रास न देता. बोट नाकाला लागतं, तेच बोट मांडीला खाजवतं, घामाने आणि कपड्याच्या घासण्याने तिथली त्वचा थोडी सोललेली असते, झालं. काख, जांघ, बसायची जागा, ही ठिकाणंही त्याला आवडतात.

माझा मावसभाऊ अंबडला कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. त्याचं वर्षभर हेच चाललं होतं, हाताला आणि मांडीला, एक बसतंय तोवर दुसरं. कटिंग ऑइलने भिजलेली पॅंट आठ दहा तास अंगावर, तेलाने केसांची तोंडं बुजतात, वरून उकाडा. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या गोळ्या आणायचा, दोन तीन दिवस घ्यायचा, दुखणं थांबलं की बंद. मग त्याच्या बायकोला झालं, मग धाकट्या मुलीला पाठीवर. तेव्हा मावशी म्हणाली हे वंशातच आहे, कुणीतरी म्हणालं बाहेरचं काही आहे का बघा. मी सगळ्यांच्या नाकाचा स्वॅब घेतला, तिघांच्यात स्टॅफ ऑरियस निघाला, त्या जंतूची लक्षणं आणि औषधांना दाद देण्याची पद्धत सगळ्यांची सारखीच. म्हणजे घरात एकच जंतू फिरत होता, एकाच टॉवेलवरून, एकाच पलंगावरून, आणि दाढीच्या एकाच रेझरवरून.

त्वचेच्या डॉक्टरांनी त्यांना जे सांगितलं ते साधंच होतं पण सगळ्यांनी एकाच वेळी करायचं होतं. नाकात आतल्या बाजूला मुपिरोसिन मलम दिवसातून दोनदा, पाच दिवस. रोज क्लोरहेक्सिडिनच्या लिक्विडने अंघोळ. टॉवेल, चादरी, उशीचे अभ्रे, आतले कपडे रोज धुवायचे, गरम पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायचे, प्रत्येकाचा टॉवेल वेगळा. कामावरून आल्याबरोबर तेलाची पॅंट काढायची, ती घरच्या कपड्यांत टाकायची नाही. अमेरिकेतल्या संसर्गतज्ज्ञांच्या संघटनेच्या 2014 च्या मार्गदर्शनातही सारख्या होणाऱ्या गळवांसाठी जवळपास हेच आहे, मी नंतर वाचलं. भावाला त्यानंतर अधूनमधून एखादं बारीक केसतूड येतं, पण ते वर्षभराचं सत्र थांबलं. जंतू पुन्हा नाकात येऊ शकतो, त्यामुळे हे एकदा केलं की कायमचं सुटलं असं नाही, पण त्याच्या बायकोला जो धीर आला तो मी बघितलाय.

एक गोष्ट मध्येच सांगते नाहीतर राहून जाईल. काखेत आणि जांघेतच वर्षानुवर्षं गाठी येतात, फुटतात, आतून बोगद्यासारखे मार्ग होतात, व्रण राहतात, काळ्या टोकाचे जोड ठिपके दिसतात, कल्चरला बरेचदा काही विशेष उगवत नाही, असं असेल तर ते गळू नसून हायड्राडिनायटिस नावाचा वेगळा आजार असू शकतो. पुष्कळ बायका लाजेने दाखवतच नाहीत, काखमांजरी झाली म्हणून पोटीस बांधत बसतात. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा, त्याचे उपचार वेगळे आहेत.

आता तिसरा प्रकार, ज्याच्यासाठी खरं तर मी हे सगळं लिहितेय.

एक आई तिच्या लहान मुलाला घेऊन यायची. जन्मल्यानंतर काही महिन्यांतच त्याला बीसीजीची लस टोचली त्या बाजूच्या काखेत मोठी गाठ आली होती आणि ती फुटून वाहत राहिली. मग गळवं, मग मानेतल्या गाठीत पू, मग न्यूमोनिया, मग पुन्हा गळवं. दर वेळी सीबीसी, दर वेळी पांढऱ्या पेशी भरपूर. कुठल्या तरी दवाखान्यात तिला म्हणे सांगितलं होतं की तुम्ही स्वच्छता ठेवत नाही. ती बाई त्या मुलाचे कपडे उकळून उकळून विरवून टाकायची, तिचे हात बघितले असते तर कुणी असं बोललं नसतं. आमच्या पॅथॉलॉजिस्ट सरांनी त्या मुलाचे सगळे जुने रिपोर्ट समोर मांडले आणि त्यांनीच बालरोगतज्ज्ञांना फोन केला, याच्या न्यूट्रोफिलचं काम तपासायला हवं.

ही तपासणी आमच्यासारख्या साध्या लॅबमध्ये होत नाही. जुनी पद्धत एनबीटी, ती मी शिकत असताना बघितली होती. पिवळसर रंगाचं द्रावण ताज्या रक्तात मिसळायचं, पेशींना डिवचायचं, अंगाच्या तापमानाला ठेवायचं आणि मग स्लाइड करायची. निरोगी माणसाच्या न्यूट्रोफिलने ते पिवळं द्रावण आत घेतलेलं असतं आणि स्वतःच्या सुपरऑक्साइडने त्याचे निळे काळे ठिपके करून टाकलेले असतात, पेशी निळ्या कणांनी भरलेली दिसते. ज्या मुलाला क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज आहे, त्याच्या पेशींनी द्रावण घेतलेलं असतं पण निळं काहीच होत नाही. पेशी दिसायला अगदी नॉर्मल, संख्येला नॉर्मल, जंतूपर्यंत जाते, गिळतेही, आणि मारायचं हत्यारच नाही. आता हीच गोष्ट डीएचआर नावाच्या टेस्टने फ्लो सायटोमीटर या एकेक पेशी तपासणाऱ्या मशीनवर बघतात, पेशी काम करत असेल तर चमकते. आपल्याला जवळ म्हणजे मुंबई, केईएमच्या आवारातली आयसीएमआरची इम्युनोहिमॅटोलॉजीची संस्था आणि परळचंच वाडिया मुलांचं हॉस्पिटल, दोन्हीकडे अशा आजारांचं काम चालतं. रक्त ताजं लागतं म्हणून मुलालाच घेऊन जाणं बरं.

त्या मुलाच्या पेशी चमकल्या नाहीत. आईचीही टेस्ट केली तर तिच्या आलेखावर दोन डोंगर, अर्ध्या पेशी चमकणाऱ्या, अर्ध्या न चमकणाऱ्या. या आजाराचा एक प्रकार एक्स गुणसूत्रातून येतो, आईकडे एक चांगलं गुणसूत्र असतं म्हणून तिचं भागून जातं, मुलाकडे एकच असतं. तिने मग सांगितलं की तिचा एक भाऊ लहानपणीच असाच गळवं आणि ताप होऊन गेला होता. आपल्याकडे जवळच्या नात्यात लग्नं होतात, त्यामुळे आईवडील दोघांकडून येणारा प्रकारही दिसतो, तो मुलींनाही होतो. साधारण दोन लाखांत एकाला असा आजार म्हणतात, म्हणजे दुर्मिळच. पण 1950 च्या दशकात या आजाराचं वर्णन झालं तेव्हा त्याच्या नावातच मुलं दगावतात असं होतं, आणि आज रोजची प्रतिबंधक अँटिबायोटिक, बुरशीविरोधी औषध आणि जमलं तर बोन मॅरो ट्रान्सप्लांट, एवढं हातात आहे. फक्त निदान व्हायला पाहिजे. त्या आईला घरी लोक म्हणत होते तुझ्याकडूनच आलं. गुणसूत्र कुणी निवडून देत नाही. हे तिला आणि तिच्या सासरच्यांना समोर बसवून डॉक्टरांनी समजावलं, आणि मला वाटतं औषधाइतकंच ते गरजेचं होतं.

असे आणखी आजार आहेत. एकात न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटूच शकत नाही, त्यामुळे त्या रक्तातच साचत जातात, आकडा प्रचंड वाढतो आणि जखमेत पू मात्र होत नाही, त्या बाळांची नाळ महिना होत आला तरी पडत नाही. सगळ्यात मोठा आकडा आणि सगळ्यात कमी काम, यापेक्षा अजून काय उदाहरण द्यायचं. दुसरा 1966 मध्ये सांगितला गेला, त्यात गळवं होतात पण गरम लागत नाहीत, लालही फार नसतात, सोबत एक्झिमा, सारखा न्यूमोनिया, दुधाचे दात पडतच नाहीत आणि रक्तात आयजीई नावाचं प्रतिपिंड खूप वाढलेलं. 2007 मध्ये त्याच्यामागचा जनुक सापडला. आणि एकात संख्याच दर 21 दिवसांनी खाली जाते आणि परत वर येते, एक सीबीसी चुकीच्या दिवशी झाला तर नॉर्मल, म्हणून तिथे सहा आठवडे आठवड्यातून दोन तीनदा मोजावं लागतं.

म्हणून, अगदी लहानपणापासून गळवं, त्यातही यकृतात, फुप्फुसात, हाडात पू होण्याचा इतिहास, बुरशीचा न्यूमोनिया, बीसीजीची गाठ वाहणं, घरात भाऊ किंवा मामा लहानपणी संसर्गाने गेलेला, यातलं काही असेल तर सीबीसी नॉर्मल म्हणून गप्प बसू नका, पेशींचं काम तपासता येईल का असं स्पष्ट विचारा. आणि ज्याला पंचविशी तिशीत पहिल्यांदा गळवं सुरू झाली, बाकी तब्येत ठणठणीत, त्याने या महागड्या टेस्टच्या मागे पळायची गरज सहसा नसते, त्याने नाक, टॉवेल आणि शुगर बघावी.

व्हिटॅमिन सी बद्दलही विचारतात. 1996 मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी सारखी गळवं होणाऱ्या लोकांच्या न्यूट्रोफिल तपासल्या होत्या, ज्यांच्या कामात कमतरता सापडली त्यांना रोज एक ग्रॅम व्हिटॅमिन सी काही आठवडे दिलं आणि त्यातल्या बऱ्याच जणांची गळवं थांबली. मला हा अभ्यास आवडतो कारण त्यांनी आधी पेशी तपासल्या आणि मग औषध दिलं. पण माणसं थोडी होती, तेवढ्यावरून सगळ्यांनी गोळ्या खाव्यात असं होत नाही, मुतखडा असलेल्यांनी तर मुळीच नाही. आवळा, पेरू, लिंबू खायला कुणाची हरकत नाही. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या इम्युनिटीच्या पावडरींवर पैसे घालवू नका एवढंच.

आजीची पोटीस मात्र मला मान्य आहे. भाजलेला कांदा असो की हळद आणि पिठाचा गरम लगदा, त्यातला उपयोगाचा भाग म्हणजे शेक. शेकाने तिथे रक्त वाढतं, पेशी जास्त पोचतात, गळू लवकर तोंड धरतं. स्वच्छ कापड गरम पाण्यात बुडवून दिवसातून तीन चार वेळा दहा पंधरा मिनिटं ठेवलं तरी तेच होतं, आणि चटका बसणार नाही याची काळजी घेतली की झालं. दाबून पिळायचं मात्र नाही, त्याने पू आतल्या बाजूला पसरतो. नाक आणि वरच्या ओठाच्या भागात तर हातही लावू नका, तिथल्या शिरांतून संसर्ग मेंदूकडे जाऊ शकतो. मोठं गळू असेल तर त्याचा खरा उपचार चिरा देऊन पू काढणं हाच आहे, साचलेल्या पुवात ना अँटिबायोटिक नीट शिरतं ना नव्या पेशी.

आणि पू काढणार असाल तर थोडा कल्चरला द्या, विशेषतः गळवं परत परत येत असतील तर. साध्या गोळ्यांना दाद न देणारा स्टॅफ आता आमच्या प्लेटवरही वरचेवर दिसतो, औषधाच्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ पडायला पाहिजे तिथे चकतीला खेटून वाढलेला. सॅम्पल द्यायच्या आधी अँटिबायोटिक सुरू करू नका, घेतलं असेल तर कुठलं आणि किती दिवस ते सांगा. कोरड्या पडलेल्या खपलीवरून स्वॅब घेऊन फारसं काही हाती लागत नाही, आतला पू हवा. गळवं किती वर्षांपासून येतायत, पहिलं कोणत्या वयात आलं, घरात अजून कुणाला आहेत, हे कागदावर लिहून आणलंत तर आमच्या सरांना आणि तुमच्या डॉक्टरांना दोघांनाही सोपं जातं. रिपोर्टला साधारण दोन तीन दिवस लागतात, तोवर शेक चालू ठेवा, टॉवेल वेगळा ठेवा, आणि ताप भरला, लाली पसरायला लागली किंवा शुगर असेल तर रिपोर्टची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.